बंदुकीचे जन्मगाव

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मंगळवार पेठेच्या बाजूने शिरले की आधी नळाच्या तोट्या, मग सायकलींच्या चेन, मग पंखे, मग देवांच्या पितळी मूर्ती आणि अधूनमधून कुणाच्या तरी आजीचा अडकित्ता. 1996 च्या दिवाळीआधी तिथे एका पथारीवर मला वीतभर लांबीची लोखंडी पट्टी दिसली. एका टोकाला निमुळती, पोटात जरा फुगीर. तिच्यावर गंजून जाम झालेला घोडा होता आणि त्याच्या जबड्यात दगड धरायची फट होती.

“कुलूप आहे साहेब, जुन्या वाड्याचं,” पथारीवाला म्हणाला. “वीस रुपये द्या.”

ते बंदुकीचे अंग आहे एवढे मला समजत होते. चकमकीच्या बंदुकीचा हा चाप. घोड्याच्या तोंडातली गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी कानातल्या दारूवर पडते आणि बार उडतो. इंग्रज या भागाला ‘लॉक’च म्हणतात, म्हणजे पथारीवाला नकळत बरोबरच बोलत होता, ही गंमत मला पुष्कळ वर्षांनी कळली. घरी येऊन रॉकेलमध्ये बुडवून पट्टी घासली, तेव्हा मधोमध एक बदाम उमटला. पत्त्यातला असतो तसा. आत फुलीने चार भाग केलेले, भागाभागात एकेक अक्षर, आणि डोक्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखे काहीतरी.

हा बदाम कुणाचा, हे त्या काळी पुण्यात कुणाला विचारायचे?

पुण्यात विचारायच्या जागा कमी नव्हत्या. बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय होते. दिनकर गंगाधर केळकरांचा घरचा धंदा चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. राजा हा मुलगा लहानपणीच गेला आणि त्याच्या नावाने हा माणूस उरलेला जन्म दिवे, दौती, अडकित्ते, कुलपे आणि हत्यारे गोळा करत गावोगाव फिरला. वीस हजारांच्या घरातल्या वस्तू त्यांनी 1975 मध्ये महाराष्ट्र सरकारला देऊन टाकल्या. 1990 मध्ये ते गेले. संग्रह करायची त्यांची रीत पायांची होती. कुठल्या वाड्यात काय आहे, कोण अडचणीत आहे, कोण विकेल, हे सगळे माणसांच्या तोंडून कळायचे. वस्तू हाती आली की तिच्याबरोबर तिची गोष्टही यायची, खरी किंवा रचलेली.

दुसरी रीत टपालाची होती आणि तिचे दैवत होते परशुराम कृष्ण गोडे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ते हस्तलिखितांचे क्युरेटर होते. 1961 मध्ये वारले, तोवर चारशेच्या वर शोधनिबंध लिहून झाले होते. भारतात तोफा, बंदुका आणि दारू कधीपासून वापरात आली, यावर त्यांनी लिहिले. शोभेच्या दारूकामाचा 1400 ते 1900 असा पाचशे वर्षांचा इतिहास 1953 मध्ये पुस्तकरूपाने दिला. त्याआधी 1880 मध्ये गुस्ताव ओपर्ट या मद्रासच्या पंडिताने शुक्रनीतीच्या आधारे प्राचीन हिंदूंकडे बंदुका होत्या असे मांडले होते आणि ते ऐकायला आपल्याला फार गोड वाटले होते. गोड्यांनी आरडाओरडा केला नाही. कुठल्या पोथीत दारूचा कुठला पाठ आहे आणि ती पोथी कोणत्या शतकातली, एवढेच ते एकापुढे एक मांडत गेले. त्यासाठी लागणारी माहिती देशभरातल्या ग्रंथपालांना आणि विद्वानांना पत्रे लिहून जमवलेली.

मी या दोन्ही रीतींचा गरीब वारस. भारत इतिहास संशोधक मंडळात गेलो, डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. हिंदुस्थानी शस्त्रांवरचा एगर्टनचा 1880 चा इंग्रजी ग्रंथ एका ठिकाणी पाहायला मिळाला, पण तो घरी न्यायचा नाही या अटीवर, आणि त्यात बदाम नव्हता. तलवारी, कट्यारी, दांडपट्टे यांवर सांगणारे लोक भेटत. बंदुकीचे नाव काढले की खांदे उडवत. याला कारण आहे. खंडेनवमीला पुजायला तलवार घरात राहिली. बंदूक मात्र 1857 नंतरच्या निःशस्त्रीकरणात आणि पुढे लिटनच्या 1878 च्या शस्त्र कायद्यात घराबाहेर गेली. जी वस्तू तीनचार पिढ्या डोळ्यांसमोर नाही, तिचे शब्दही जातात. जामगी म्हणजे तोड्याच्या बंदुकीचा बार पेटवायची वात, तोसदान म्हणजे काडतुसांची पिशवी, जेजाल म्हणजे भिंतीवर किंवा उंटावर ठेवून डागायची लांबलचक बंदूक, कडाबीन म्हणजे आखूड नळीची. हे शब्द पुण्यात रोजच्या बोलण्यातले होते, यावर आज विश्वास बसत नाही.

परदेशातल्या एका संग्रहालयाला बदामाचे चित्र काढून पत्र धाडले. चार महिन्यांनी एक सभ्य छापील कार्ड आले: आपले पत्र मिळाले. बस.

विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले केले ते 15 ऑगस्ट 1995 ला. माझ्यापर्यंत यायला त्याला आणखी पाचेक वर्षे लागली. मोडेमचा तो घशात काटा अडकल्यासारखा आवाज आणि तासावर पैसे मोजून बसायची प्लायवुडची खुराडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. चित्र वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने उतरायचे. एका संध्याकाळी अशाच एका चित्रात आधी चारचा आकडा उतरला, मग बदामाचे दोन खांदे, मग अक्षरे. व्ही, ई, आय, सी. व्ही हा जुन्या वळणाचा यू. युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी.

मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो, कारण मिनिटाचे पैसे चालू होते.

ही कंपनीची गाठोड्यांवरची खूण. कापडाच्या गाठी, मालाच्या पेट्या, सगळ्यांवर ती मारत. मुंबई इलाख्यासाठी 1791 आणि 1794 मध्ये तांब्याचे पैसे पाडले, त्यांच्या एका अंगाला तराजू आणि दुसऱ्या अंगाला हाच बदाम होता. असा पैसा माझ्या नाणी जमवणाऱ्या काकांच्या डब्यात लहानपणापासून होता. डबा आणि पट्टी एकाच घरात होती, पण एकमेकांची ओळख करून द्यायला लंडनमार्गे यावे लागले. पुढचे लगेच कळले. 1808 च्या सुमारास कंपनीने बंदुकांवर बदामाऐवजी मुकुट धरलेला उभा सिंह मारायला सुरुवात केली. म्हणजे माझा चाप त्याआधीचा. लंडनच्या बंदूककारांना कंपनी ठेके देई, माल तपासून त्यावर शिक्का मारी आणि जहाजाने मुंबई, मद्रास, कलकत्त्याला धाडी. डेव्हिड हार्डिंग याने या बंदुकांवर चार खंडांचा ग्रंथ 1997 पासून काढला. त्याचे नावही मला पडद्यावरच प्रथम दिसले. त्याची किंमत पाहून पडदा बंद केला.

जे काम केळकरांनी पायांनी आणि गोड्यांनी पाकिटांनी केले, त्यातला एक तुकडा अर्ध्या तासात झाला. नाकारण्यासारखे त्यात काही नाही. पुढच्या दहा वर्षांत तर पूरच आला. इंटरनेट अर्काइव्ह 1996 मध्ये निघाले होते, गूगलने 2004 मध्ये पुस्तके स्कॅन करायला घेतली, आपल्याकडे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने लाखांनी पाने चढवली. एगर्टन आता माझ्या टेबलावर होता, अट न घालता. राजवाड्यांची ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’, खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’, सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात काढलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग, सुरेंद्रनाथ सेनांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचा 1928 चा ग्रंथ, हे सगळे हळूहळू जमा झाले. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाने शोधता येईल असा मांडला. जामगी, तोसदान आणि जेजाल यांचे अर्थ मला तिथेच मिळाले. पुण्यात शिकवणाऱ्या मेजर कॅंडीचा हात लागलेला कोश पुणेकराला शिकागोहून मिळावा, यात मला काही विशेष वाटेनासे झाले होते.

सेनांच्या ग्रंथात ओतूरजवळच्या आंबेगव्हाणचा उल्लेख आहे. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, 1765–66 मध्ये, तिथे तोफगोळ्यांचा कारखाना निघाला; चार वर्षांनी दुसरा पुण्यात. तोफखान्याचे सरदार पानसे. सासवडजवळ सोनोरीचा मल्हारगड त्यांचाच, मराठी मुलखात सगळ्यांत शेवटी बांधलेला किल्ला. म्हणजे गोळे इथले, तोफा काही इथल्या आणि काही विकतच्या. बंदुकांत तोड्याच्या देशी घडणीच्या. आणि चकमकीच्या? तिथे माझ्या बदामाची गोष्ट अडते.

अडते म्हणजे काय ते सांगतो. कंपनीची बंदूक पुणे परिसरात यायच्या वाटा पुष्कळ. जानेवारी 1779 मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबाला घेऊन घाट चढून आली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, तोच आपला इष्टूर फाकडा. तळेगावला पोचल्यावर फौजेचा धीर सुटला. 11 तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून दिल्या, सामान जाळले आणि माघारी निघाली. वडगावात मराठ्यांनी घेरले आणि 16 तारखेला तह झाला. त्या धांदलीत किती बंदुका कुणाच्या हाती लागल्या असतील! दुसरी वाट 1817 ची. शेवटच्या बाजीरावाच्या पैशाने कॅप्टन फोर्डने दापोडीला कवायती पलटण उभी केली होती. 5 नोव्हेंबरला खडकीच्या मैदानावर ती पलटण इंग्रजांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पेशव्यांच्या पगारावरची माणसे पेशव्यांवर बार काढत होती. तिसरी वाट साधी: कुणीतरी कुणाला तरी विकली.

मला अर्थातच वडगाव हवे होते. जुन्या वस्तू जमवणाऱ्या प्रत्येकाला आपल्या तुकड्याला एक लढाई हवी असते. इंटरनेटने ही हौस फार वाढवली. पट्टीचे जन्मगाव एकदा पक्के झाले की माणसाला वाटते, आता चरित्रही पक्के झाले. तसे होत नाही. लंडनच्या कारखानदाराने, तपासनिसाने आणि कंपनीने आपापले शिक्के मारून ठेवले. त्यांचे हिशोब इंग्रजीत राहिले, छापले गेले, स्कॅन झाले आणि शोधता येऊ लागले. बंदूक पुण्याच्या शिलेखान्यात आली, तर तिची नोंद मोडीत झाली असेल. ती नोंद पुणे पुराभिलेखागारातल्या, कागद बांधून ठेवलेल्या हजारो रुमालांपैकी एकात असेल किंवा नसेल. 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, 2025 मध्ये आयआयटी रुडकीच्या लोकांनी मोडीचे देवनागरीत रूपांतर करणारी संगणकीय पद्धत मांडली, हे सगळे छानच आहे. पण ‘बंदुखा’ हा शब्द टाकला आणि रुमाल उलगडला, असे अजून झालेले नाही. त्यासाठी मोडी वाचणारा माणूस लागतो, तोही धूळ सोसणारा.

म्हणून झाले काय, की दुर्बिणीची एक काच लखलखीत पुसली गेली आणि दुसरीवर तशीच धूळ राहिली. कंपनीच्या बंदुकीवर आज मी तासभर बोलू शकतो. त्याच काळात पुण्यात तोड्याच्या बंदुकीला नळी ओढणाऱ्या लोहाराविषयी मला दोन वाक्येही सांगता येणार नाहीत.

याच्या उलट घडल्याचे एक उदाहरण मात्र आहे. 2003 मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा दोन अमेरिकन कंपन्यांनी विकत घेतला. पन्नास हजारांवर बंदुका. कंपनी सरकारच्या धर्तीच्या चकमकीच्या, मार्टिनी-हेन्री, नेपाळातच घडवलेल्या गहेंद्र बंदुका. दीडशे वर्षांची वाळवी आणि वंगण यांसकट त्या पेट्यांत भरून गेल्या आणि संकेतस्थळावरून एकेक करून विकल्या गेल्या. गंमत अशी, की त्यांच्या नळ्यांवर देवनागरी आकडे आणि अक्षरे कोरलेली होती. डॉलर मोजणाऱ्या ग्राहकांना ती वाचता येईनात. १८ कुठले, ९ कुठला, संवत म्हणजे काय, सत्तावन्न वजा का करायचे, हे पुण्यातल्या पाचवीतल्या पोराने सांगितले असते. मलाही तसे काही फोटो इमेलने आले, ओळखीच्याच्या ओळखीतून. मी ऐटीत उत्तरे दिली. आयुष्यात एकदाच असे झाले, की बंदुकीवरची खूण त्यांना कोडे होती आणि मला मुळाक्षर.

लिलावांनी काय केले, ते वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचले आहे. एप्रिल 2015 मध्ये लंडनला बोनहॅम्सच्या लिलावात टिपूच्या शस्त्रांना साठ लाख पौंडांच्या वर किंमत आली. 2019 मध्ये इंग्लंडातल्या बर्कशायरमधल्या एका घराच्या माळ्यावर टिपूच्या शस्त्रागारातली चकमकीची बंदूक सापडली, ती साठ हजार पौंडांना गेली. तलवार हा आपला विषय नाही, तरी 2025 सोडवत नाही. नागपूरकर रघूजी भोसल्यांची, पाठीवर देवनागरी अक्षरे असलेली फिरंग लंडनच्या सोथबीज्‌मध्ये लिलावाला निघाल्याची बातमी इकडे 28 एप्रिलला आली आणि दुसऱ्या दिवशी लिलाव होता. तेवढ्यात सरकारने मध्यस्थ उभा करून 47 लाख 15 हजारांत ती घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. केळकरांच्या काळात अशी वस्तू विकली गेल्याचे कळायलाच पिढी उलटली असती.

पण तो लिलाव आमच्या जुन्या बाजारातही पोचला. तेच पथारीवाले, नाहीतर त्यांची मुले, हातात फोन. वीस रुपयांचे कुलूप आता कुलूप राहिलेले नाही. “लंडनला अशीच एक किती लाखांना गेली बघा,” म्हणून स्क्रीन पुढे करतात. आणि मागणी आली की माल येतो. नव्याने ओतलेले चाप, आम्लाने गंजवलेल्या नळ्या, आणि त्यावर बदाम. चांगला ठसठशीत, चारही अक्षरे वाचता येणारा बदाम. दोनशे वर्षे हाताळलेल्या लोखंडावरची खूण इतकी शहाण्यासारखी राहत नाही, हा माझा पहिला ठोकताळा. खैबर खिंडीच्या परिसरात शंभरहून अधिक वर्षे इंग्रजी बंदुकांच्या नकला हातांनी घडतात; तिथल्या कारागिराने एनफील्डमधला एन उलटा कोरलेला सापडतो, कारण त्याला ते अक्षर नव्हते, चित्र होते. त्या उलट्या एनविषयी मला माया आहे. आजचा नकलाकार मात्र माझ्यासारखीच तीच छायाचित्रे पाहतो, म्हणून तो चुकत नाही, आणि तीच पंचाईत आहे.

कायद्याचेही सांगायला हवे, कारण पडद्यावर पाहून हुरळलेले तरुण हल्ली विचारतात. 1959 च्या शस्त्र कायद्याचे पंचेचाळीसावे कलम जुन्या बनावटीच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला मोकळीक देते, पण केव्हा? दुरुस्त करूनही त्यातून बार काढता येणार नसेल तेव्हाच. ठासणीची चालती बंदूक आजोबांची असली तरी परवान्याचीच. कोकणात शेती राखायला अशा परवान्याच्या बंदुका अजून आहेत आणि निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा होतात. शिवाय 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरते आणि ती तुम्हा-आम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे पुण्याच्या हौशी माणसाला जगाचा बाजार दिसतो सगळा. त्यात घ्यायचे म्हणजे आयात परवाना, विकायचे म्हणजे गुन्हा. काचेला नाक लावून हलवायाचे दुकान पाहावे तसे. माझे त्याने काही बिघडले नाही. मला घ्यायचे नव्हतेच, वाचायचे होते.

पट्टी अजून माझ्याकडे आहे. तिच्या आतल्या बाजूला, कमान बसवतात तिथे, टोच्याने ओरखडलेल्या तीन खुणा आहेत. मोडी वाचणाऱ्या दोघांना दाखवल्या. एक म्हणाले ‘सा’ आहे. दुसरे म्हणाले, लोहाराने भागांचा क्रम लावायला मारलेल्या रेघा आहेत, उगाच काही वाचू नका. मला दुसरे खरे वाटतात, पण पहिल्यांकडे मी अजून अधूनमधून जातो.

मागच्या हिवाळ्यात कॅनडातल्या भाच्याने एक फोटो पाठवला. तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानात त्याला .303 ची रिकामी पितळी पुंगळी मिळाली होती, दोन डॉलरला. बुडाशी दोन इंग्रजी अक्षरे, मधे सरकारी बाणाची खूण, खाली वर्षाचे दोन आकडे.

“मामा, के एफ म्हणजे काय? इथला दुकानदार म्हणतो, किर्की नावाचं काहीतरी आहे इंडियात. काडतुसं जमवणाऱ्यांना माहीत असतं म्हणे.”

किर्की म्हणजे खडकी. 1869 पासून तिथे दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि ही दोन अक्षरे घेऊन तिथल्या पुंगळ्या जगभर पसरल्या आहेत. भाच्याचे आजोबा, वडिलांचे वडील, त्याच कारखान्यात होते. डबा हँडलला अडकवून रोज सायकलने जायचे. मी त्याला लिहिले, वर्षाचे आकडे नीट पुसून परत एक फोटो पाठव.

त्याने पाठवला. मी आकडा पाहिला आणि मग त्याच्या आजीला फोन लावला, की दादा नोकरीला लागले ते कोणत्या साली. त्या म्हणाल्या, “साल नाही बाई आठवत. पण पहिल्या पगाराचा कंदील आणला होता, तो आहे अजून माळ्यावर.”